पुरानंतर गल्लीतली दुकानं परत चालू करायची, तर सोसायटीचा ग्रुप असा वापरा

२५ जुलै २०२४ ला पुण्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेलं आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीच्या बाजूला ते पार्किंग ओलांडून तळमजल्यांत शिरलं. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष माणसांकडे होतं, आणि ते तसंच असायला हवं. आजी-आजोबांना वरच्या मजल्यावर न्यायचं, दूध-पाणी पोचवायचं, गाड्या ढकलत बाहेर काढायच्या. गल्लीतल्या दुकानांची आठवण मला तिसऱ्या दिवशी झाली, घरातलं पीठ संपलं तेव्हा.

आमच्या गल्लीत सात दुकानं आहेत. गिरणी, पोळी-भाजी केंद्र, इस्त्रीचं दुकान, ब्लाउज आणि फॉल-बिडिंग करणाऱ्या ताई, झेरॉक्स-स्टेशनरी, सायकल दुरुस्ती आणि एक किराणा. सगळी रस्त्यापेक्षा एखादी पायरीच उंच. आम्ही चारजणी पैसे गोळा करायच्या विचाराने आधी गिरणीवाल्या काकांकडे गेलो. काका चिखलात बसून मोटरचे बोल्ट काढत होते. म्हणाले, "ताई, पैसे राहू द्या. मोटर मी करून घेईन. पण गिरणी महिनाभर बंद राहिली की तुम्ही सगळ्या पाकिटातल्या पिठाला लागाल. मग मी चालू करून काय करू? तेवढं बघा."

पुढचे चार महिने आम्ही जे काही केलं ते त्या एका बोलण्यावर केलं. दुकान बंद असताना गिऱ्हाईकाची सवय मोडते. दहा मिनिटांत घरपोच आणून देणारी अ‍ॅप सगळ्यांच्या फोनमध्ये आहेतच. सवय मोडू न देणं आणि मोडली तर परत लावणं हे काम शेजाऱ्यांचा ग्रुप जितकं चांगलं करू शकतो तितकं दुसरं कोणी करू शकत नाही. पण ग्रुप नुसता असून भागत नाही, तो नीट वापरावा लागतो. आमच्या बऱ्याच चुका झाल्या. तुमच्या होऊ नयेत म्हणून क्रमाने लिहिते. पूर नसेल, रस्ता महिनोन्‌महिने खोदलेला असेल किंवा दुकानदार आजारपणातून उठत असेल, तरी पहिली पायरी सोडून बाकी सगळं तसंच लागू पडतं.

१. झाडू हातात घेण्याआधी फोटो काढा

पाणी ओसरलं की पहिली ऊर्मी साफसफाईची असते. आमच्या मुलांनी उत्साहाने दोन दुकानांतला भिजलेला माल पहिल्याच दुपारी कचऱ्याच्या गाडीत टाकून दिला. स्टेशनरीवाल्या दादांच्या वह्यांचे गठ्ठे, कागदाची रिमं, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दाखवायला रिकामी मांडणी आणि भिंतीवरची ओल एवढंच उरलं होतं. त्यांचं जे नुकसान कागदावर आलं ते खऱ्याच्या निम्मंही नव्हतं. ही चूक आमची होती, आणि त्याची किंमत दादांनी मोजली.

म्हणून ग्रुपवर पहिला निरोप हा टाका: कोणत्याही दुकानातला माल फोटो आणि व्हिडिओ काढल्याशिवाय हलवायचा नाही. काय काय टिपायचं ते सांगते.

भिंतीवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आली ते, शेजारी मोजपट्टी किंवा उभा माणूस धरून. प्रत्येक यंत्राचा फोटो, त्यावरच्या कंपनीच्या पट्टीचा जवळून वेगळा फोटो. भिजलेला माल मोजता येईल असा मांडून. दुकानाची पाटी दिसेल असा एक बाहेरून. हे सगळं त्याच दिवशी दुकानदाराच्या स्वतःच्या किंवा घरच्या कोणाच्या ई-मेलवर पाठवून ठेवा. फोनचा भरवसा नाही, बऱ्याच जणांचे फोनही भिजलेले असतात.

सरकारी मदतीसाठी पंचनामा तलाठी कार्यालयाकडून होतो. मदत किती आणि कोणाला हे त्या त्या वेळच्या शासन निर्णयावर ठरतं, पण पंचनाम्यात नाव नसेल तर पुढचं काहीच होत नाही. पंचनाम्याची माणसं गल्लीत आली की ग्रुपवर लगेच कळवायला एकाला नेमा. आमचे सायकलवाले त्या वेळी गावाला भावाकडे गेले होते. शेजाऱ्याने फोन केला म्हणून ते वेळेत पोचले.

दुकानाचा विमा असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायचं आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत माल टाकायचा नाही. खराब माल ठेवणं शक्यच नसेल तर कंपनीला तसं लेखी कळवून मग टाका. छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते. तिच्यात पूरही येतो. आमच्या सातपैकी एकाकडेही विमा नव्हता.

आणि एक सूचना, जिवाशी संबंध आहे म्हणून वेगळी सांगते. भिजलेलं यंत्र "चालतंय का बघू" म्हणून कोणी चालू करू नका. २५ जुलैलाच पुण्यातल्या पुलाच्या वाडीत पाण्यात विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. आधी वायरमनला दाखवा.

२. दुकानदाराला विचारल्याशिवाय ग्रुपवर काही टाकू नका

आमच्या एका शेजारणीने कळवळून इस्त्रीवाल्यांचा चिखलात उभा असलेला फोटो टाकला, खाली "मदत करा". त्यांची मुलगी दहावीत. तिच्या वर्गातल्या कोणाच्या तरी आईच्या फोनवर तो फोटो पोचला. ते आम्हाला एवढंच म्हणाले, "ताई, मी कधी कोणाकडे हात पसरला नाही." फोटो काढून टाकला, माफी मागितली. पण चिखलातला तो फोटो एकदा गेला तो गेला.

तेव्हा आधी दुकानात जा, बसा आणि तीन गोष्टी विचारा. दुकान चालू व्हायला नेमकं काय अडलंय? चालू झाल्यावर दिवसाला किती काम झेपेल? आणि ग्रुपवर काय सांगितलेलं चालेल, काय नाही? नाव, फोन नंबर, फोटो, तिन्हींची परवानगी वेगवेगळी घ्या.

पहिल्या प्रश्नाची उत्तरं ऐकून आम्ही थक्क झालो. फॉल-बिडिंगवाल्या ताईंना पैशांपेक्षा शिलाई मशीन हवं होतं, तेही गौरी-गणपतीपर्यंतच. सी विंगमध्ये एका घरी पायाचं मशीन कित्येक वर्षं कापडाखाली झाकून पडलेलं होतं. ते दुसऱ्या दिवशी ताईंच्या घरी गेलं. सायकलवाल्यांना हवा भरायचा पंप हवा होता. पोळी-भाजीवाल्या मावशींना कणकेची दोन पिंपं आणि आठवडाभर ओटा हवा होता. सोसायटीच्या हॉलमागचं स्वयंपाकघर रिकामंच होतं. समितीने ठराव करून दिलं. "कोणाकडे काय पडून आहे" असा एक निरोप टाका. वर्गणीच्या निरोपापेक्षा त्याला कितीतरी जास्त उत्तरं येतात.

३. वेगळा ग्रुप करा, आणि त्यात बोलायची मुभा देऊ नका

सोसायटीच्या मुख्य ग्रुपवर सुप्रभात, पाण्याचा टँकर, हरवलेलं मांजर आणि लिफ्टची तक्रार एकाच वेळी चालू असते. गिरणीचा निरोप तिथे तासाभरात वर निघून जातो. म्हणून 'आपली दुकानं' असा वेगळा ग्रुप करा आणि सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिनना निरोप टाकता येतील असं ठेवा. दिवसाला एक निरोप, फार तर दोन. लोक ग्रुप म्यूट करतात ते गर्दीला कंटाळून. आमचा ग्रुप चार महिन्यांत मोजक्याच लोकांनी सोडला, कारण तो वाजतच नव्हता.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, तेवढं दोन-तीन सोसायट्यांना पुष्कळ झालं. त्याहून मोठं करायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपची कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र जोडायची सोय) करा आणि तिच्या घोषणांच्या ग्रुपवर निरोप टाका. कोणालाही न विचारता ग्रुपमध्ये ओढू नका. जोडण्याची लिंक मुख्य ग्रुपवर टाका, ज्याला यायचं तो येईल. लिंक बाहेर फिरायला लागली तर रद्द करून नवीन काढता येते.

अ‍ॅडमिन किती? प्रत्येक सोसायटीतून एक, आणि दुकानदारांपैकी एक. दुकानदार अ‍ॅडमिन असलाच पाहिजे, नाहीतर "आम्ही त्यांच्यासाठी" असा सूर लागतो. आणि निवडणुकीला उभं राहायची इच्छा असलेल्या कोणाही व्यक्तीला अ‍ॅडमिन करू नका, माणूस कितीही चांगला असला तरी. दुकानांचा ग्रुप दुकानांचाच राहू द्या.

व्हॉट्सअ‍ॅप न वापरणारी बरीच ज्येष्ठ मंडळी रोख पैसे देणारी आणि नियमाने येणारी गिऱ्हाइकं असतात. त्यांच्यासाठी आठवड्याचा निरोप मोठ्या अक्षरात लिहून लिफ्टजवळच्या फळ्यावर लावा. तो लावायचं काम आमच्याकडे वॉचमन काकांनी स्वतःहून घेतलं.

४. एक यादी, एकाच ठिकाणी

गूगल शीटवर साधा तक्ता करा: दुकान, काय मिळतं, सध्या चालू की बंद, वेळ, पैसे कसे घेतात, फोन (परवानगी असेल तर), आणि शेवटचा रकाना "माहिती कोणत्या तारखेची". हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जुन्या माहितीवर विसंबून एखादी आजी दळणाचा डबा घेऊन बंद गिरणीपर्यंत चालत गेली, तर ती पुन्हा तुमची यादी उघडणार नाही. शीट बदलायचा हक्क दोघातिघांनाच द्या, बाकीच्यांना फक्त बघता येऊ दे. लिंक ग्रुपमध्ये पिन करा.

५. निरोप असा लिहा

"स्थानिक व्यवसायांना पाठिंबा द्या" असे निरोप वाचून कोणी उठून दुकानात जात नाही. माणसाला कधी, कुठे, काय आणि कितीला, हे कळलं की तो जातो. गिरणी चालू झाली त्या दिवशी आम्ही टाकलेला निरोप जसाच्या तसा देते:

"गिरणी उद्यापासून सुरू. सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते १, संध्याकाळी ५ ते ८. गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी. उपवासाचं दळण फक्त शनिवारी सकाळी पहिलं. दर पूर्वीचेच. डबा गेटवर ठेवायचा असेल तर झाकणावर नाव, विंग, फ्लॅट, धान्य आणि जाड की बारीक ते लिहा. पैसे रोख किंवा दुकानातल्या क्यूआरवर."

या निरोपात पूर नाही, दया नाही, उद्गारचिन्हं नाहीत. सोबत आम्ही एक छोटा व्हिडिओ टाकला होता, आणि तो का टाकला ते सांगायला हवं. पाण्यात राहिलेल्या गिरणीचे दोन्ही दगड खोलून घासावे लागतात आणि त्यांना नव्याने टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने परत खडबडीत करावे लागतात. मोटर वाळवून, वाइंडिंग तपासून, बेअरिंग बदलून आणलेली असते. टाकी लावलेल्या दगडातून निघणारं पहिलं पीठ कचकचतं, कारण दगडाची बारीक कच त्यात उतरते. काकांनी स्वतःच्या घरचे गहू त्यातून दोनदा काढले आणि ते पीठ टाकून दिलं. तिसऱ्या वेळी दोन बोटांत पीठ चोळून बघितलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं, दाताखाली काही येतंय का ते पाहिलं. आम्ही तेवढंच चित्रित केलं, काकांना विचारून. पुराचं पाणी शिरलेल्या गिरणीत दळण द्यायचं का, ही शंका प्रत्येकीच्या मनात होती पण विचारत कोणी नव्हतं. त्या व्हिडिओनंतर ती शंका उरली नाही. तुमच्या गल्लीतल्या दुकानाबद्दलही अशी एखादी न विचारलेली शंका असेल. ती शोधा आणि तिचं उत्तर दाखवा.

६. गिऱ्हाइकं एकत्र बांधा

सगळ्यात जास्त उपयोग या पायरीचा झाला, म्हणून जरा सविस्तर.

आधी दुकानाचं गणित समजून घ्या. गिरणीत गव्हानंतर ज्वारी टाकायची तर दगडातलं आधीचं पीठ निघून जायला हवं, त्यात वेळही जातो आणि थोडं पीठही. दर डब्याला मोटर बंद-चालू करण्यात वीजही जास्त खर्च होते. म्हणजे दिवसभर एकेक करून आलेल्या वीस डब्यांपेक्षा एकामागोमाग आलेले गव्हाचे दहा डबे काकांना जास्त सोयीचे. मग आम्ही विंगप्रमाणे वार ठरवले: ए विंग मंगळवार, बी बुधवार, सी गुरुवार. डबे सकाळी साडेनऊपर्यंत गेटवर, संध्याकाळी सातला परत. डबे नेण्या-आणण्याला काकांच्या पुतण्याला डब्यामागे ठरावीक पैसे. हे काम फुकटच्या सेवेत धरू नका, त्याच्याही घरी पाणी शिरलं होतं.

पोळी-भाजीचं गणित वेगळं. कणीक किती भिजवायची हे मावशींना सकाळी साडेआठला कळायला हवं, म्हणजे मागणी आदल्या रात्री यायला हवी. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपचा पोल घेतला आणि फसलो. लोक पोलवर सहज बोट ठेवतात आणि मग न्यायला येत नाहीत. दुसऱ्याच दिवशी मावशींच्या पोळ्या उरल्या. तेव्हापासून नियम केला: पोल हा अंदाज, ऑर्डर म्हणजे रात्री नऊच्या आत मावशींच्या नंबरवर निरोप आणि पैसे. ऑर्डर आधीपेक्षा कमी झाल्या, पण पोळी उरायची थांबली.

सणावार धरून चाला. आमच्या वेळी श्रावण ५ ऑगस्टला लागला, म्हणजे उपवासाची भाजणी. ७ सप्टेंबरला गणपती, त्याआधीच्या आठवड्यात मोदकाची पिठी आणि ताईंकडे गौरींच्या वेळचे ब्लाउज. मग दिवाळी, म्हणजे चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ. सणाच्या दोन आठवडे आधी ग्रुपवर निरोप गेला पाहिजे आणि त्यात शेवटची तारीख असली पाहिजे. "ब्लाउज गौरींसाठी हवा असेल तर कापड २५ ऑगस्टपर्यंत द्या" असं लिहिल्यावरच ताईंच्या घरासमोर चपला दिसायला लागल्या.

एक मोह टाळा: सवलत मागू नका. "ग्रुपमधून आलोय, दहा टक्के कमी करा" असं आमच्याकडे दोघातिघांनी म्हटलं. उभं राहत असलेल्या दुकानाकडून सूट घेणं म्हणजे त्याच्याच भांड्यातून काढून घेणं आहे. ग्रुपच्या वर्णनातच लिहून टाका की दर दुकानदाराचा, घासाघीस नाही.

उधारीचंही आधीच ठरवा. जुनी उधारी हे गल्लीतल्या दुकानांचं न बोललेलं दुखणं असतं. किराणावाल्यांची उधारीची वही पुरात विरघळली होती. आम्ही ग्रुपवर एवढंच लिहिलं: "ज्यांच्याकडे किराणाचे पैसे द्यायचे राहिले असतील त्यांनी आठवणीप्रमाणे थेट दुकानात द्यावेत." नावं नाहीत, आकडे नाहीत. पुढच्या आठवड्यात लोक स्वतःहून येऊन पैसे देऊन गेले. किराणावाल्यांनी माल भरला तो मुख्यतः त्याच पैशांतून.

७. पैशांचा व्यवहार

पैसे मधल्या माणसाकडे गोळा करू नका. ज्याला आगाऊ पैसे द्यायचे आहेत त्याने थेट दुकानदाराच्या खात्यात द्यावेत. आम्ही 'आगाऊ दळण' चालवलं: पाचशे रुपये आधी द्या, काका वहीत लिहितील, येईल तसं वळतं होईल. मोटरच्या दुरुस्तीला त्याचा हातभार लागला आणि काकांना ते देणगीसारखं वाटलं नाही. एखाद्या कामासाठी वर्गणी काढावीच लागली तर सोसायटीच्या खात्यातून, पावतीने, आणि हिशेब फळ्यावर.

या दिवसांत फसवणारेही ग्रुप शोधत असतात. सगळ्या दुकानदारांना आणि शेजाऱ्यांना एवढं सांगून ठेवा:

पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, साउंडबॉक्स बोलला किंवा खात्यात दिसलं तरच मिळाले. ग्रुपवर क्यूआरचा फोटो फिरवू नका, दुकानात लावलेलाच स्कॅन करा आणि नाव वाचून मग पैसे द्या. "पूरग्रस्त कर्ज मंजूर, आधी फी भरा" असे फोन येतात, ते तिथेच बंद करा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. जितका लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

फोन भिजून सिम बदलावं लागलं असेल तर नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. बँकेचा ओटीपी येत नाही म्हणून घाबरू नका, एक दिवस रोख घ्या.

८. नकाशा आणि बिझनेस अ‍ॅप

गूगल मॅप्सवर दुकान उघडून बघा. आमची दोन दुकानं चालू झाल्यावरही तिथे 'तात्पुरते बंद' दिसत होती. कोणीतरी पुराच्या दिवसांत तसं कळवलं होतं. बदल कोणीही सुचवू शकतो, पण दुकानदाराने स्वतःची प्रोफाइल ताब्यात घेतली तर वेळ आणि फोटो त्याला स्वतःला थेट बदलता येतात. हे मोफत आहे. पडताळणीसाठी बहुधा दुकानाचा व्हिडिओ मागतात, त्यात पाटी, आजूबाजूचा रस्ता आणि शटर उघडताना दाखवा. अभिप्राय जो गेला त्यानेच लिहावा, खरा लिहावा. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं गूगलच्या नियमात बसत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस मोफत आहे. एकच नंबर साध्या आणि बिझनेस अशा दोन्ही अ‍ॅपवर चालत नाही, म्हणून बदलण्याआधी बॅकअप घ्या. आमच्या मावशींना त्यातल्या दोनच गोष्टी शिकवल्या: रोजच्या भाजीचा कॅटलॉग आणि "ऑर्डर मिळाली, साडेबाराला तयार" हे साठवलेलं उत्तर. ब्रॉडकास्ट लिस्ट करणार असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी दुकानदाराचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून आधी नंबर सेव्ह करायला सांगा.

९. तक्रार आली तर

ती येणारच. आमच्याकडे साडीवरून आली. पूर आला तेव्हा इस्त्रीच्या दुकानात अनेकांचे कपडे होते आणि एका काकूंची पैठणी चिखलात गेली. त्यांनी मुख्य ग्रुपवर भरपाई मागितली, दुसऱ्यांनी त्यांना बोल लावले आणि संध्याकाळपर्यंत ऐंशी निरोप झाले. दोन्ही बाजूंचं दुःख खरं होतं. ती साडी काकूंच्या आईची होती.

आम्ही दोघी काकूंना घेऊन दुकानात गेलो. इस्त्रीवाल्यांनी साडी तोपर्यंत तीनदा साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवली होती. ड्रायक्लीनिंगचा खर्च ते द्यायला तयार होते, काकूंनी निम्मा घेतला. साडी पूर्ण सुधारली नाही. पण दुकान आणि गिऱ्हाईक दोन्ही राहिलं.

त्यानंतरचा नियम: तक्रार ग्रुपवर नाही, अ‍ॅडमिनच्या फोनवर. अ‍ॅडमिनने त्याच दिवशी दोघांना समोरासमोर आणायचं. आणि तक्रार खरी असेल तर झाकायची नाही. शिळी भाजी आली असेल तर मावशींना सांगा, पैसे परत करायला सांगा. प्रेमापोटी खराब माल चालवून घेतला तर लोक एकदाच येतील.

१०. कागदपत्रं

दुकानदाराकडे बसून एकदाच ही फाइल करा, पाणी न शिरणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात:

- आधार, पॅन, बँकेचं पासबुक, भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती, वीजबिल
- शॉप अ‍ॅक्टची नोंद (वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन माहिती कळवायची असते)
- खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी, तिचा १४ अंकी नंबर दुकानात लावलेला असावा. घरून डबे देणाऱ्यांनाही ती लागते
- उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची केंद्र सरकारकडची नोंद)
- पंचनाम्याची प्रत, नुकसानीचे फोटो, दुरुस्तीची बिलं

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि पूर्णपणे मोफत आहे. सर्च केल्यावर वर येणाऱ्या काही साइट सरकारीच वाटतात आणि फी मागतात. पत्ता gov.in ने संपतोय का ते पाहा, हे इंग्रजी अक्षरं ओळखणाऱ्या घरातल्या मुलाकडून तपासून घ्या.

कर्जाबद्दल थोडक्यात. हातगाडी-पथारीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी आहे, महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. दुकानांसाठी मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. आमच्याकडे फक्त झेरॉक्सवाल्या दादांनी कर्ज घेतलं. बाकीच्यांना मी आग्रह केला नाही. गिऱ्हाईक परत यायच्या आत हप्ता सुरू झाला तर माणूस जास्त अडकतो, म्हणून आधी दोन महिने धंदा बघा आणि मग बँकेत जा.

११. जूनच्या आधी

आमचा ग्रुप अजून चालू आहे, निरोप आठवड्याला एकच असतो. मे महिन्यात मात्र आम्ही दुकानदारांसोबत तासभर बसतो. धरणांतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की कोणी कोणाला फोन करायचा याची साखळी लिहिलेली आहे. पुरात व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप रात्री तीनला कोणी वाचत नाही, म्हणून फोनच करायचा. कोणत्या दुकानातून काय आधी उचलायचं आणि ते वरच्या कोणाच्या घरात ठेवायचं, हेही ठरलेलं आहे. शिलाई मशीन बी विंगमध्ये, झेरॉक्स मशीनसाठी चारजण, उधारीच्या वहीचे फोटो दर रविवारी. काकांनी गिरणीची मोटर छातीएवढ्या उंचीच्या लोखंडी घोडीवर चढवून घेतली आहे. पट्टा लांब लागला आणि आवाजही थोडा वाढला. वरच्या मजल्यावरच्या आजींना आम्ही आधी विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, आवाज आला की गिरणी चालू आहे हे तरी कळेल, डबा पाठवता येईल.